बार न झालेली दुपार

निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा लोकांना माझ्याकडून एकच गोष्ट ऐकायची होती. सायलेन्सर लावलेलं पिस्तूल खरंच 'फुस्स' असा आवाज करतं का? माझी सारी नोकरी लष्करी शस्त्रागारातली. हत्यारं उघडायची, पुसायची, झिजलेला भाग बदलायचा, पुन्हा जोडून तपासायची आणि जागेवर ठेवायची. यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. पण जवळच्या कट्टा गावच्या बाजारात चहाला बसलो की कोणीतरी बाकावर सरकून जवळ येणार आणि सिनेमात पाहिलेल्या त्या पिस्तुलाचा विषय काढणार. मी आधीच तापट. 'मांजर आहे का ते, फुस्स करायला?' असं म्हणून मी त्याला वाटेला लावायचो.

त्या पिस्तुलाला आवाज असतो. साधं पिस्तूल खोलीत उडालं तर कानठळ्या बसतात. हे उडालं तर ओल्या गोणपाटावर दांडा हाणल्यासारखं वाटतं, आणि त्याला चिकटूनच लोखंड सरकल्याची एक खट् ऐकू येते. पिस्तुलाचा वरचा भाग मागे जाऊन पुढे येतो, त्याची ती खट्. गोळीही संथ चालीची वापरतात, कारण वेगवान गोळी हवेत स्वतःच कडाडते आणि तिला गप्प करणं कोणाच्या हातात नसतं. आमच्याकडे एक जात अशी होती की तिचा वरचा भाग जागीच अडकवून ठेवता यायचा. मग ती खट्सुद्धा नाही. मात्र दर गोळीनंतर हाताने ओढून दुसरी भरावी लागे. पहिल्याच गोळीत काम होणार अशी खात्री असलेल्या माणसासाठी ते बनवलेलं होतं.

ही पिस्तुलं लढाईची नव्हेत. ती वेगळ्या कपाटात असायची आणि बाहेर पडायची तीही वेगळ्याच कामांना. पहाऱ्यावरचं कुत्रं, आवारातला दिवा, बंद खोलीत शिरणारी तुकडी, जिला गोळी झाडल्यावरही एकमेकांचं बोलणं ऐकू यायला हवं. पहाऱ्यावरचा माणूस हेही एक काम होतंच, पण ते आमच्यात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

मी स्वतः त्याचा वापर एकदाच पाहिला. डोंगरातल्या एका तळावर खेचराचा पाय मोडला होता. त्याच दावणीला बाकीची खेचरं बांधलेली, आणि मोठा आवाज झाला असता तर ती दावी तोडून दरीत गेली असती. म्हणून ते पिस्तूल मागवलं आणि ते घेऊन मी गेलो. जनावरांच्या डॉक्टरांनी नळी कानामागे टेकवली. ठप्. खेचर खाली बसलं, आणि शेजारचं खेचर चारा खात राहिलं. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. मेलेल्यापेक्षा त्या खाणाऱ्या जनावराचीच मला जास्त भीती वाटली होती.

आमच्या गावात बंदूक म्हणजे बार. डुकरं आणि माकडं शेताबागांची नासधूस करतात म्हणून काही घरांना परवान्याच्या बंदुका आहेत. बार झाला की पडवीत बसलेल्या माणसाला कळतं, कोणाची बंदूक आणि कोणत्या बाजूला. आणि त्यानंतरची एक रीत आहे, जी मी नोकरीत एवढा देश फिरलो तरी दुसरीकडे पाहिली नाही. बार ऐकला की रानात, मळ्यात, व्हाळावर म्हणजे ओढ्यावर जो कोणी असेल त्याने कुकारा घालायचा. लांबवर जाणारी, वर चढत जाणारी 'कूऽऽ' अशी आरोळी. म्हणजे मी इथे आहे आणि धड आहे. पूर्वी कधीतरी डुक्कर समजून माणूस मारला गेला, तेव्हापासून हे चालू झालं म्हणतात. घरातल्या माणसांना आपापल्या माणसाचा कुकारा ओळखू येतो. ज्याचा आला नाही त्याला शोधायला सगळी वाडी हातातलं काम टाकून जाते. शिकार पडलेली असली तर बार ऐकून जो पोचेल त्याचा वाटा, हीसुद्धा रीतच.

याला जोडून दुसरा एक नियम आहे. बार झालेला नाही, भर दुपार आहे, माणूस दिसत नाही आणि हाक आली, तर ओ द्यायची नाही. दुपार ही देवचाराची वेळ. देवचार म्हणजे आमच्या सीमेचा राखणदार, हातात काठी घेऊन गावाभोवती फिरणारा. त्याचा त्रास कोणाला नाही. पण त्याच्या मागून आणखी काहीबाही चालत असतं आणि ते ओळखीच्या आवाजात हाक मारतं, असं म्हणतात. ओ दिली की त्याला तुमचं घर कळतं. मी हे सगळं हसण्यावारी न्यायचो. तरी दुपारी आडवा झालेला असताना हाक आली तर मीही आधी उठून कोण आहे ते पाहायचो आणि मगच तोंड उघडायचो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि वयनी. माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. आई लवकर गेल्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तिनेच केलेलं, त्यामुळे माझ्या तापटपणाची तिला काडीची किंमत नव्हती. गडगा म्हणजे घराचं दगडी कुंपण. त्याच्यापलीकडे उतारावर आमची काजूची बाग आहे. हंगामात जेवण उरकलं की ती टोपली घेऊन बिया गोळा करायला निघायची. एवढ्या उन्हात कशाला, म्हटलं तर म्हणायची, "माकडा निजली काय मी जातंय. तेंकाय बरा, माकाय बरा."

त्या हंगामात वाडीतली कुत्री मरायला लागली. उताराच्या तळाला व्हाळ आहे, त्याच्या काठाला एकेक सापडू लागलं. भांडणाच्या खुणा नाहीत, तोंडाला फेस नाही. गावकाराचं कुत्रं मेलं तेव्हा मी वाकून नीट पाहिलं. गावकार म्हणजे देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालणारा आमचा मानकरी. कुत्र्याच्या कानामागे करंगळीचं टोकही जाणार नाही एवढं भोक होतं आणि त्याच्या कडेचे केस चिकटलेले होते.

"ही गोळी आसा," मी म्हटलं.

"बार खंय झालो?" गावकाराने शांतपणे विचारलं. "आयकलंस कोणी? बार नाय तर गोळी खंयसून येतली?"

जमलेल्यांनी माना डोलावल्या. मला राग आला, पण त्यांचं तरी काय चुकलं? बारावाचून गोळी त्यांच्या आजोबा-पणजोबांनीही पाहिली नव्हती. देवचाराची काठी लागली असं ठरलं. सीमेवर नारळ आणि विडी ठेवून गावकाराने गाऱ्हाणं घातलं, की बाबा, काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल आणि मुक्या जनावरांना सोड. दुपारचं व्हाळाकडे कोणी उतरायचं नाही असंही ठरलं. म्हणजे जो कोणी तिथे येत होता, त्याला सगळं रान मोकळं करून दिलं.

मग एका दुपारी मला तो ऐकू आला. पडवीत पडलो होतो. वारा नव्हता. ठप्, आणि लगेच खट्. इतका हलका की उतारावरचे कावळेसुद्धा उडाले नाहीत. वयनी बागेत होती. तसाच अनवाणी पळत गडग्याशी गेलो आणि तिला हाका मारत सुटलो. ती टोपली कमरेला लावून, चांगलीच वैतागून वर आली.

"कोण मेला काय?"

"वयनी, तू उद्यापासून जाव नको. खाली कोणतरी गोळी मारता."

"माका कायएक आयकाक येवक नाय."

"येवचाच नाय. तसलाच पिस्तूल आसा ता."

तिने टोपली खाली ठेवली. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं गावात तेवढं एकच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हाळावर उतरलो. करवंदीच्या जाळीत तारेची फासकी लावलेली सापडली. मोटारसायकलला असते तसली केबल, तिचा फास, आणि खाली पाचोळ्यावर काळं पडलेलं रक्त. सगळा प्रकार ध्यानात आला. रात्री जनावर फासात अडकायचं आणि दुपारी वाडी झोपली की कोणीतरी येऊन ते संपवायचं. बार झाला असता तर माणसं धावत आली असती, वाटाही मागितला असता. कुत्री भुंकून जागं करत होती, म्हणून आधी कुत्री. अशाच कामांसाठी ते हत्यार मी वर्षानुवर्षं पुसून ठेवत आलो होतो.

वयनी ऐकणाऱ्यातली नव्हती. शेवटी असं ठरलं की तिने बागेत असताना मधूनमधून, बार नसला तरी, कुकारा घालायचा आणि मी घरापुढच्या खळ्यातून ओ द्यायची. तिचा कुकारा शेवटी जरासा फाटायचा. तो आला की मी "होऽऽ" करायचो. दोनचार दिवसांतच वाडी बिथरली. समोरच्या घरातली शेजारीण, वयनीची जन्माची मैत्रीण, ती आमच्याकडे यायची बंद झाली. गावकार येऊन पडवीच्या कडेला बसला.

"तुमी शिकलेले. पण बार नसताना कुकारो घालू नये. आणि तेका ओ तर देवच नये. तुमी तेका रोज घर दाखयतास."

"कोणाक?" मी विचारलं.

त्याने उतारावर नजर टाकली आणि तो उठून गेला. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण आदल्या दुपारी वयनी आत चुलीपुढे असताना उतारावरून एक कुकारा आला होता. मी सवयीने ओ दिली होती. मग आतून भांड्याचा आवाज आला आणि मी तिथेच खिळून बसलो. दुसऱ्या कोणा बाईचा असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मी फासकी पिशवीत घालून तालुक्याला पोलिसात जायचं ठरवलं. निघताना वयनीला बजावलं, "आज बागेत जायचा नाय. ओ देवक मी नाय."

"नाय जाणंय बाबा," ती म्हणाली. "जावा तुमी. पिस्तुलाची गजाल सांगा थंय जावन."

तिथे साहेब चांगला होता. त्याने शुद्ध मराठीत मला दोनदा विचारलं, "म्हणजे आवाज न होणाऱ्या पिस्तुलाचा आवाज तुम्ही ऐकलात?" मी हो म्हटलं. त्याने पेन खाली ठेवून माझ्या वयाकडे पाहिलं. तरी फासकी ठेवून घेतली आणि माणूस पाठवतो म्हणाला. त्यातच दुपार गेली. परतीची एसटी कट्ट्याला बराच वेळ थांबली.

गावच्या थांब्यावर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. पाणंदीत शिरलो आणि उतारावरून वयनीचा कुकारा ऐकला. शेवटी फाटलेला. एवढं बजावून गेलीच, म्हणून मी चिडलो आणि खच्चून "होऽऽ" केलं. पाणंदीतली दोन घरं होती, त्यांची दारं लागलेली होती. माझ्या ओरडण्याने कोणी बाहेर आलं नाही.

शेजारीण मात्र तिच्या खळ्यात उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या वयनीन आज दुपारधरून कुकारे घातल्यान. थांबाकच तयार नाय."

"मगे बघूक गेलंस नाय?"

"बार खंय झाल्लो?" ती म्हणाली. "माझा वासरू सकाळधरून गावूक नाय. ता बघूक जातंय म्हणाली ती. मी सांगलंय, दुपारची जाव नको. मी जेवान हात धुतंय आणि माका नावान हाक मारल्यान. मी दार लावन घेतलंय."

मी पळालो. व्हाळाच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीत शेजारणीचं वासरू दुसऱ्या एका फासात मान अडकून उभं होतं, जिवंत. त्याच्या गळ्याची तार अर्धी सैल केलेली होती. वयनी त्याच्या पायाशी कलंडून पडली होती. गोळी तिच्या मांडीतून आरपार गेली होती. पदर मांडीला बांधायचा तिने प्रयत्न केला असावा. तिच्या हाताला हात लावला तर तो थंड होता आणि ताठलेला. मुंग्या लागल्या होत्या. तोंडावरच्या मुंग्या मी हातांनी पुसत राहिलो आणि त्या पुन्हा येत राहिल्या.

डॉक्टरांनी सांगितलं की मोठी शीर तुटली होती, फार वेळ मिळाला नसणार. भर दुपारीच गेल्या असाव्यात. पुढे माणसंही पकडली गेली. आमच्या तालुक्यातली नव्हेत, गाडी घेऊन यायची. पिस्तूल आणि त्याची आवाज दाबणारी नळी गाडीतच मिळाली. जाळीत काहीतरी हललं म्हणून झाडली, मग एका बाईने एकदाच हाक मारली आणि आम्ही पळालो, असं त्यांचं म्हणणं. एकदाच.

हे दोन्ही गावात पोचलं आणि गावाला सुटल्यासारखं झालं. बाई दुपारीच गेली आणि एकदाच ओरडली, मग उन्हं कलेपर्यंत जे कुकारे आले ते तिचे नव्हतेच. म्हणजे ओ दिली नाही तेच बरं केलं. गावकार मला समजावायला आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते आणि तो खोटं बोलत नव्हता. मी त्याला घरातून घालवून दिलं. मला त्या सगळ्यांची चीड आली, अजून येते. सगळे कुकारे दुसऱ्या कोणाचे असले तरी एक तिचा होता. वाडीतलं एक माणूस जरी धावलं असतं, तर ती मांडी कोणीतरी आवळून धरली असती. त्यांना ते कळत नाही असं नाही. म्हणून तर ते इतक्या पटकन डॉक्टरांचं ऐकायला लागले.

शेजारणीला मात्र ते औषध लागू पडलं नाही. पहिले काही दिवस ती मला गडग्याशी गाठून विचारायची, "ती नावान मारलेली हाक पयली काय मागसून?" जेवून हात धुताना ऐकली, म्हणजे भर दुपारीच, हे तिनेच मला त्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी ते विसरलेलो नाही हे तिला माझ्या तोंडाकडे बघून कळायचं. हळूहळू तिने विचारणं सोडलं.

आता ती दुपारी जेवून हात धुते आणि तशाच ओल्या हातांनी आपल्या खळ्याच्या टोकाला येऊन उभी राहते. उताराकडे तोंड करून ओ देते. "ओ गो," एवढंच, मोठ्याने. मग थोडा वेळ थांबते आणि आत जाते. वाडीतली माणसं तेवढ्यापुरती दारं ओढून घेतात. वेड लागलं म्हणतात. तिचं ते मोठं झालेलं वासरू गोठ्यात रवंथ करत असतं.

परवा तिने अशीच ओ दिली. मी खळ्यात काजूच्या बिया उन्हाला पसरत होतो. तिचा आवाज विरला आणि उतारावरून कुकारा आला. लांब, वर चढत गेलेला, शेवटी फाटलेला. माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

शेजारणीने झटकन माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका उजळला होता, की त्या घटनेनंतर मी तिला तसं पाहिलंच नव्हतं.

"आयकलात?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "माका कायएक आयकाक येवक नाय."

ती तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पुन्हा ते पहिलंच सगळं भरून आलं. उतारावरून दुसरा कुकारा आला, आधीच्यापेक्षा जवळून. मला भयंकर भीती वाटली. बिया तशाच टाकून मी आत आलो आणि दार लावून घेतलं.